पेटी बाजूला ठेवायला माझी हरकत नाही

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. शिबिराहून परतल्यापासून आपली ख्रिस्ती मंडळी तुला थंडगार वाटते. रविवारी देवळात पुढच्या बाकांवर सगळी पांढरी डोकी, त्यातली निम्मी उपदेशाला पेंगतात, पाळकसाहेब तेच ते सांगतात. पेंगणाऱ्यांत माझं नाव घातलं नाहीस, हा तुझा चांगुलपणा. उज्जीवन हवं, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेला नवी जाग यायला हवी, आणि सुरुवात म्हणून पेटी-तबला बंद करून गिटार नि कीबोर्ड आणावा, असं तुझं म्हणणं. चाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसालाच हे विचारायचं धाडस केलंस, म्हणून एवढं लांब उत्तर.

पेटी बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. पण ज्यांना तू 'जुनी रडकी गाणी' म्हणतेस, ती कुणाची ते तरी बघ. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलंस की जागोजागी ना. वा. टिळक भेटतील. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी. त्या काळी देवळांतून बरीचशी गीतं साहेबांच्या चालींवर मराठी शब्द ताणून बसवलेली असत. टिळकांनी अभंग आणला, कीर्तन आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे सांगताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या, न घेतलेल्या अशा सगळ्याच ख्रिस्तशिष्यांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत ते गेले. दरबारही पुढे फार टिकला नाही. लोकांच्या तोंडी बसलेली गाणी तेवढी राहिली. म्हणजे एका बंडखोराची गाणी आम्ही म्हातारे सोवळ्यात ठेवून बसलोय आणि तू त्यांच्याविरुद्ध बंड करायला निघालीस. टिळक असते तर दोघांनाही हसले असते.

शिबिरात तुम्हाला केडगावच्या मुक्तीची, पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या उज्जीवनाची गोष्ट सांगितली, हे बरं झालं. पण सांगणारे नेहमी आगीपासून सुरुवात करतात. जून १९०५, पहाटेची वेळ, एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या आणि दुसरी पाण्याची बादली आणायला धावली. अंगावर काटा येतोच. मी मात्र हल्ली त्याच्या आधीच्या महिन्यांपाशी थांबतो. जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणाऱ्या मुली मागितल्या, तेव्हा सत्तर पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, आणि दिवसातून दोनदा बसू लागल्या. त्याच्याही मागे १८९६-९७ चा दुष्काळ आहे. मध्य प्रांतातून उपाशी, टाकलेल्या मुली बाईंनी आणल्या, त्यांना जेवू घातलं, अक्षर ओळखायला शिकवलं, हाताला काम दिलं. सरपण कितीतरी वर्षं गोळा होत होतं.

आणि नंतर? मुली रडल्या, केलेली पापं कबूल केली, मग टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. बाई स्वतः हिब्रू-ग्रीकचे कोश उघडून बसल्या होत्या, कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला. १९२२ मध्ये वारेपर्यंत त्या कामाला जुंपलेल्या होत्या. छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बाया. मला तर ती प्रुफं तपासणंही उज्जीवनातच मोजावंसं वाटतं. शिबिरात ते कुणी सांगत नाही, कारण त्यावर 'हालेलुया' पडत नाही.

आता माझं. तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही अशाच एका संजीवन सभेहून पेटून आलो होतो. आम्ही पाचसहा पोरांनी रात्रीच्या प्रार्थना सुरू केल्या. दोन महिने खरोखर छान गेले. तिसऱ्या महिन्यापासून आमच्या प्रार्थनेत इतरांचीच पापं जास्त येऊ लागली. मग वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि वर्गणीचा हिशेब लपवला म्हणून खजिनदारांवर आरोप केला. आत्म्याने बोलायला लावलं, असंही म्हणालो. पुढच्या महिन्यात हिशेब तपासला, पै न पै बरोबर निघाली. ते गृहस्थ त्यानंतर देवळाची पायरी चढले नाहीत. त्यांच्या दफनविधीला पेटी मीच वाजवली. माफी मात्र मागितली नव्हती. आज मागतो, उद्या मागतो, करता करता नऊ वर्षं गेली होती. दान वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हे वचन मला तोंडपाठ होतं, तरी.

म्हणून पाळकसाहेबांबद्दल जपून लिही. तीन मंडळ्या त्यांच्या गळ्यात आहेत. आपल्याकडची उपासना उरकून ते मोटारसायकलवर दुसऱ्या गावाला पळतात. नवा उपदेश लिहायचा कधी? त्यांना सुधारण्याच्या यादीत घालण्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन चहा पी.

अन्य भाषांवरून, म्हणजे आत्म्याने भरून न शिकलेल्या भाषेत बोलण्यावरून, कुणाशी वाद घालत बसू नकोस. त्या वादात मी चांगली चांगली घरं फुटलेली पाहिली आहेत.

आपल्या देवळात मागच्या बाकावर बसणाऱ्या दोन कुटुंबांकडे मात्र नीट बघ. जमिनीच्या भांडणानंतर ती प्रभुभोजनाला एकाच रांगेत गुडघे टेकतात आणि एकमेकांकडे न बघता परत जातात. आम्ही पंच लोकांनी तिकडे काणाडोळा करायची सवय लावून घेतली आहे. तू लहान आहेस, दोन्ही घरांत तुला कुणी अडवणार नाही. त्यातल्या एका घरची आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. येत्या शुक्रवारची कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरी जमून करायची प्रार्थना, तिच्याकडे ठेवूया का? दुसऱ्या घरच्यांना बोलवायला मी जाईन. मला त्या दाराशी एकट्याने जायची भीती वाटते, तू बरोबर असलीस तर बरं होईल. ते आले नाहीत तर आपण दोघं आणि आजी.

पेटी मी आणणार नाही, जड होते आता. गिटार घेऊन ये. टिळकांचं एखादं पद बसवता आलं तर बघ, आजीला ती सगळी पाठ आहेत. पट्टी तेवढी काळी एकची धर, त्यापुढे आमचे आवाज चढत नाहीत.

तुझा,
पेटीवाला मामा