एफएक्स-६३०० ओव्हरक्लॉक करायला मदरबोर्डवर व्होल्टेज मॉड करू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रोसेसर एएमडी एफएक्स-६३००, बोर्ड ७६०जी चिपसेटचा स्वस्तातला, मॉस्फेट (प्रोसेसरला वीज पुरवणारे छोटे स्विच) उघडे, त्यांवर हीटसिंक नाही. बायोसमध्ये मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा गुणक) वाढतो, म्हणजे ओव्हरक्लॉक, ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीड, मिळतो; पण व्होल्टेजचा पर्याय नाही. ४.४ गिगाहर्ट्झवर गेम सुरू केला की थोड्या वेळात सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज पडलेलं दिसतं, स्पीड १.४ गिगाहर्ट्झवर येतो आणि गेम अडखळतो. म्हणून बोर्ड जिथे आपलं व्होल्टेज तपासतो त्या फीडबॅकला रेझिस्टर जोडून व्होल्टेज चढवायचं (हाच व्होल्टेज मॉड), आणि नागपुरात हे कोण करून देईल, असा प्रश्न.

मॉड होतो. पण भाऊ, मला तुमचं दुखणं व्होल्टेजचं वाटतच नाही.

व्होल्टेज कमी पडलं असतं तर मशीन हँग झालं असतं, निळा स्क्रीन आला असता, नाहीतर प्राइम९५ ने (प्रोसेसरला पूर्ण ताणून तपासणारं सॉफ्टवेअर) एरर दिला असता. स्पीड आपणहून शिस्तीत खाली आला नसता. १.४ गिगाहर्ट्झ ही एफएक्सची सगळ्यात खालची पायरी. व्हीआरएम (मॉस्फेटांचा वीजपुरवठ्याचा भाग) तापला की बोर्ड प्रोसेसरला हळू चालायला सांगतो, आणि खालच्या पायरीवर प्रोसेसर व्होल्टेजही कमीच मागतो. म्हणजे तुमच्याकडे आधी स्पीड पडतो आणि त्याच्यामागे व्होल्टेज जातं. खात्री करायची असेल तर कॅबिनेटची बाजू काढा, सॉकेटच्या डावीकडच्या मॉस्फेटांवर एक पंखा थेट रोखा आणि तोच गेम पुन्हा खेळा. अडखळणं थांबलं किंवा बरंच उशिरा सुरू झालं, तर निदान पक्कं समजा.

अशा बोर्डवर व्होल्टेज चढवलं तर काय होईल, त्याचा ढोबळ हिशोब मांडतो. एफएक्स-६३०० चा टीडीपी (कंपनीने धरलेली उष्णता) ९५ वॅट, मूळ स्पीड ३.५ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज साधारण १.३ धरा. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि स्पीडच्या प्रमाणात वाढते. १.४५ व्होल्ट आणि ४.४ गिगाहर्ट्झला ती दीडपटीच्या वर, म्हणजे १४८ वॅटच्या आसपास जाते. करंट ७३ अँपिअरवरून १०० च्या पुढे. आणि मॉस्फेटमधली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट. जो भाग आजच तापून हात टेकतोय, त्याच्यावरच तुम्ही दुप्पट ओझं टाकणार. कायले?

तरी करायचाच असेल तर नीट करा. आधी एएमडीच्या ओव्हरड्राइव्ह सॉफ्टवेअरमध्ये सीपीयू व्हीआयडीचा (प्रोसेसर मागतो त्या व्होल्टेजचा) स्लायडर बघा. बोर्ड तो मानत असेल तर सोल्डरिंगची गरजच नाही. मानत नसेल तर पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरचा (मॉस्फेट चालवणारी चिप) नंबर वाचून डेटाशीट काढा आणि एफबी, म्हणजे फीडबॅकची, पिन शोधा. कंट्रोलर त्या पिनवर आउटपुट मोजत असतो. तिथून ग्राउंडला एक रेझिस्टर दिला की त्याला आउटपुट आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि तो ते वर चढवतो. किती चढेल? आउटपुटकडून एफबीला येणारा रेझिस्टर भागिले तुमचा रेझिस्टर, गुणिले मूळ व्होल्टेज. तिथे १ किलोओहम असेल आणि तुम्ही २० किलोओहम लावलात, तर १.३ वर ०.०६५ व्होल्ट. १० किलोओहमला ०.१३. पहिल्यांदा एवढं पुष्कळ झालं.

रेझिस्टर म्हणून मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रू फिरवून ओहम बदलता येणारा) घ्या, एका फेऱ्यात टोक गाठणारा साधा नको. त्याच्यासोबत सिरीजमध्ये एक पक्का रेझिस्टर हवाच. प्रीसेट चुकून शून्यावर गेला तर एफबी थेट ग्राउंडला लागतो, कंट्रोलरला वाटतं आउटपुटच नाही, आणि तो सगळी ताकद लावतो. ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शनने वेळेत हात दिला तर नशीब. सुरू करताना प्रीसेट पूर्ण ओहमवर ठेवा, वायर आखूड ठेवा आणि व्होल्टेज मल्टिमीटरनेच मोजा. व्हीआयडीचा आकडा जुनाच दिसत राहील. आणखी एक, सीमॉस क्लिअर केल्याने (बायोसच्या सेटिंग पुसल्याने) हा मॉड जात नाही. बायोसमधलं चुकीचं व्होल्टेज जम्परने पुसता येतं, हे नाही येत.

पेन्सिल मॉडचं, म्हणजे बोर्डवरच्या रेझिस्टरवर पेन्सिल घासून ओहम कमी करण्याचं, विचारलंत. ग्रॅफाइटचा थर दमट हवेत आणि उष्णतेत बदलत राहतो. जुन्या बोर्डवर गंमत म्हणून ठीक, रोज वापरायच्या मशीनवर मी करणार नाही.

आता आपल्या गावाचं. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. नवतपात खोली ४० च्या घरात असली, तर थंडीत २० अंशांना टिकणारं ओव्हरक्लॉक तिथे २० अंश आधीच हरलेलं असतं. त्यामुळे जानेवारीत पास झालेली प्राइम९५ धरू नका, मे महिन्यातल्या दुपारची धरा. आणि डेझर्ट कूलरचा झोत उघड्या कॅबिनेटवर सोडायची आपल्याकडे फार हौस. तो ओलावा आणि धूळ बोर्डवर बसते, त्यावर चिकट थर होतो. कूलर खोली थंड करायला ठेवा, मशीनपासून लांब.

पैसे कुठे घालाल ते सांगतो. मॉस्फेटवर लावायचे छोटे ॲल्युमिनियम हीटसिंक आणि थर्मल ॲडहेसिव्ह घ्या, चिकटवताना शेजारच्या कपॅसिटरला आणि पायांना धातू टेकणार नाही हे बघा. ८० मिलिमीटरचा एक पंखा केबल टायने त्यांच्यावर बांधा. टॉवर कूलर लावला असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण त्याची हवा मॉस्फेटवरून जातच नाही. एएमडीचा डब्यातला कूलर निदान खाली फुंकतो. मग मूळ व्होल्टेजवरच ३.९, ४.० असं चढत जा. माझा अंदाज, तुम्हाला ४.० ते ४.२ मिळेल आणि गेममध्ये त्यापुढचा फरक जाणवणारही नाही. ४.४ च हवा असेल तर मॉडची मजुरी वाचवून हीटसिंकवाला ९७० चिपसेटचा जुना बोर्ड शोधा. त्यात बहुतेक वेळा व्होल्टेजचा पर्याय बायोसमध्येच मिळतो.

सोल्डरिंग कोण करेल? नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी) लॅपटॉप बोर्ड रिपेअर करणाऱ्यांकडे सूक्ष्मदर्शक आणि बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न असते, एफबीला वायर लावणं त्यांना जड नाही. फक्त डेटाशीटची प्रिंट सोबत न्या आणि पिनवर खूण करून द्या.