१९६२ च्या युद्धाआधी सरकारला धोका आहे असं कोणीच सांगितलं नव्हतं का?

तुम्ही विचारलंय की १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा नेहरूंच्या आजूबाजूला एवढे जनरल, एवढे अधिकारी होते तर एकानेही "साहेब, हे जमणार नाही" असं का म्हटलं नाही. सांगितलं होतं हो. एकाने नाही, कितीतरी जणांनी, आणि नुसतं तोंडी नाही तर कागदावर. मला या विषयाचं लहानपणापासून वेड आहे, कारण आमच्या घरात तो विषय आजोबांनी शेवटपर्यंत सोडला नाही, त्याचं कारण खाली सांगतो.

पहिलं नाव घ्यायचं तर आपल्याच मातीतलं, कोल्हापूरकडचे जनरल एस. पी. पी. थोरात. ते तेव्हा लखनौला ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते, म्हणजे आजचं अरुणाचल, तेव्हाचा नेफा, त्यांच्याच ताब्यात. त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये एक सविस्तर टिपण पाठवलं, की चीन मोठ्या ताकदीने येऊ शकतो आणि तो आला तर अगदी सीमेच्या रेषेवर विखुरलेल्या छोट्या छोट्या चौक्या टिकणार नाहीत, त्याला थोडं आत येऊ द्या, त्याची रसद लांब पडू द्या, आणि आपल्याला सोयीच्या जागी, जिथं आपला रस्ता आहे तिथं त्याला गाठा. नुसतं लिहून थांबले नाहीत, मार्च १९६० मध्ये 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तेच दाखवलं. सेनाप्रमुख थिमय्यांना ते पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना नाही पटलं, चीनशी युद्ध होणारच नाही हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. युद्ध हरल्यावर नेहरूंनी थोरातांना बोलावून विचारलं की हा कागद मला का दाखवला नाही, हे थोरातांनी स्वतःच्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून गच्चीवर जाऊन बसलो होतो.

आता या लोकांचं पुढे काय झालं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथंच दिसतं. थिमय्यांनी ऑगस्ट १९५९ च्या शेवटी मेननना कंटाळून राजीनामा दिला, नेहरूंनी समजूत घालून तो परत घ्यायला लावला आणि लगेच संसदेत त्यांनाच चार शब्द सुनावले. त्या दिवशी आर्मीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला कळलं असेल की खरं बोललं की काय होतं. १९६१ मध्ये थिमय्या रिटायर झाले, आपल्या जागी थोरातांना घ्या असं त्यांचं मत होतं, पण नेमले गेले थापर. थोरात पण रिटायर. आणि वर आले बी. एम. कौल, ज्यांना लढाईत तुकडी चालवायचा अनुभव जवळपास नव्हता पण दिल्लीत वजन भरपूर होतं.

नंतर नोव्हेंबर १९६१ मध्ये फॉरवर्ड पॉलिसी ठरली, म्हणजे वादाच्या सीमेवर पुढे पुढे जाऊन चौक्या टाकायच्या. इंटेलिजन्स ब्युरोचे प्रमुख मलिक यांचा अंदाज होता की चिनी गोळी चालवणार नाहीत. वेस्टर्न कमांडचे जनरल दौलत सिंग यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये लिहून कळवलं की लडाखमध्ये हे धोरण पेलेल एवढं सैन्य आपल्याकडे नाही. म्हणजे पूर्वेकडून एक इशारा, पश्चिमेकडून एक, आणि मधे दिल्ली ठाम.

सप्टेंबरमध्ये नेफाच्या पश्चिम टोकाला, थागला डोंगराखाली आपल्या ढोला चौकीजवळ चिनी उतरले. तिथली जबाबदारी असलेल्या कोअरचे (अनेक तुकड्यांच्या मोठ्या फौजेचे) प्रमुख जनरल उमराव सिंग यांनी हिशेब मांडला, इतका दारूगोळा, इतकं रेशन, इतक्या तोफा वर चढवल्याशिवाय हल्ला शक्य नाही, आणि ते चढवायला रस्ताच नाही. त्यांच्या हातातून ते काम काढून घेतलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नवीन कोअर बनवून कौल यांना दिली. दिल्लीत मेनन यांच्या बैठकांची टिपणं ठेवायची नाहीत असा हुकूम होता, गुप्ततेच्या नावाखाली. मी आयुष्यभर ऑफिसात फायली हलवल्या आहेत, "तोंडी बोलून घेऊ, लेखी नको" म्हटलं की काय होतं हे मला कोणी सांगायची गरज नाही, विरोध करणाऱ्याचा विरोध कुठंच राहत नाही. २२ सप्टेंबरला सेनाप्रमुख थापर यांनी चिन्यांना हाकलायचा आदेश लेखी मागितला. मनातून पटलेलं असतं तर लेखी कशाला मागितलं असतं?

आणि त्याच थागला डोंगराखाली नामका चू नदीवर ब्रिगेडियर दळवींची ७ ब्रिगेड बसलेली, दहा हजार फुटांच्या वर, अंगावर उन्हाळी सुती कपडे, माणशी ५० काडतुसं, विमानातून टाकलेलं सामान अर्ध्याहून जास्त दरीत. १० ऑक्टोबरला चिन्यांनी पंजाब रेजिमेंटच्या ५०-एक जवानांवर शेकड्याने हल्ला केला, कौल तिथंच होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलं. ते दिल्लीला धावले. तेव्हाही मागे यायला वेळ होता. पण ११ तारखेच्या रात्री ठरलं की ब्रिगेड तिथंच राहणार. १२ ला नेहरू कोलंबोला जाताना विमानतळावर पत्रकारांना म्हणाले की आमचा प्रदेश मोकळा करायचे आदेश दिलेत. १९ ला दळवी मागे यायची परवानगी मागून थकले, राजीनाम्याची भाषा केली. २० च्या पहाटे तोफा सुरू झाल्या आणि काही तासांत ब्रिगेड संपली, २२ ला दळवी कैद झाले. महिन्याभरात सगळं आटोपलं तेव्हा १३०० च्या वर जवान गेले होते आणि जवळपास ४००० कैदेत होते.

लोक याचं खापर एकट्या नेहरू-मेननवर फोडतात. जबाबदारी त्यांचीच, त्यात वाद नाही. पण संसदेत रोज "एक इंचही सोडू नका" चाललं होतं, पेपरात तेच, आणि आपण साधी माणसंही त्यात होतो. आता आजोबांचं सांगतो.

दसरा नुकताच झाला होता. आजोबांची मंडळी रोज संध्याकाळी नागपुरात बर्डीवर एका चहाच्या टपरीवर बसायची. १३ ऑक्टोबरला पेपरात ती विमानतळावरची बातमी, सगळे एकदम खुश, आता हाकलणार चिन्यांना. त्यांच्यात कामठीचे एक रिटायर सुभेदार यायचे, आर्मीत रसदीच्या कामावर होते. ते म्हणाले, "बाबूजी, जिथं खच्चर चढत नाही तिथं तोफ कशी जाईन? आन् पोट्ट्यांच्या पायात काय हाय ते तरी इचारा." टपरीवरचे सगळे हसले. आजोबा सगळ्यात मोठ्याने हसले आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, पेन्शन खाऊन घाबरट झाले काय?" सुभेदार काही बोलले नाहीत, चहाचे पैसे ठेवून उठले.

आठवड्यात नामका चू. नंतर दिवाळी आली, घरात फराळ केला पण आजोबांनी तोंडाला लावला नाही. आजीने बायकांबरोबर जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले, तेव्हा सगळीकडे बायका विणत होत्या. आजोबा म्हणे रात्री शेजारी बसून लोकरीचे गुंडे करून द्यायचे.

तुम्ही म्हणाल नेत्यांनी ऐकलं असं कधी झालंच नाही का. झालं ना, १९७१ ला, बांगलादेश युद्धाच्या वेळी. एप्रिलमध्ये सेनाप्रमुख माणेकशॉंनी इंदिरा गांधींना सांगितलं की आत्ता नको, पावसाळा तोंडावर आहे, सैन्य तयार नाही. त्या बैठकीची गोष्ट त्यांनी नंतर स्वतःच रंगवून सांगितली, त्यामुळे शब्दन् शब्द धरू नका, पण सैन्याला डिसेंबरपर्यंत वेळ मिळाला एवढं पक्कं, आणि "नको" म्हणणारा माणूस खुर्चीवर कायम राहिला. १९६२ च्या पराभवाची चौकशी केलेला हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल मात्र १९६३ पासून सरकारने अजून पूर्ण उघड केलेला नाही, कितीतरी पक्षांची सरकारं आली नि गेली तरी. हे मला कोणत्याच कारणाने पटत नाही.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्ध थांबवलं. त्यानंतरच्या रविवारी आजोबा सायकल घेऊन कामठीला गेले, सुभेदारांचं घर विचारत विचारत. माफी मागितली. सुभेदार म्हणाले त्याचं काही नाही बाबूजी, पण मला त्या दिवशी अजून बरंच सांगायचं होतं, तुम्ही हसले म्हणून थांबलो. आजोबांनी विचारलं, काय सांगायचं होतं. ते म्हणाले, "आता राहू द्या," आणि आत आवाज देऊन चहा मागवला.