फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या गंजींच्या चित्रांत सावल्या निळ्या-जांभळ्या का? आपण काढताना त्या मळकट का होतात?

आधी एक दुरुस्ती. १८९०-९१ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात रंगवलेल्या या गंजी अनेकांना वाटतं तशा चाऱ्याच्या नाहीत. मळणी न झालेल्या गव्हाच्या पेंढ्यांच्या आहेत, म्हणजे आपल्याकडची सुडी.

ऊन कललं की प्रकाश नारिंगी होतो. सावलीत तो पोचतच नाही, तिथे उजेड येतो निळ्या आकाशाकडून. बर्फावर हे सर्वांत स्पष्ट दिसतं. म्हणून काळा रंग हवाच कशाला? साधारण दोन भाग कोबाल्ट ब्लू, अर्धा भाग मॅडर लाल (गुलाबीकडे झुकणारा गडद लाल) आणि लागेल तसा पांढरा घ्या. सावली काळोखी वाटली तर पांढरा कमी पडलाय.

मळकटपणा येतो तो ओल्या नारिंगीवर निळा फिरवल्याने. हे परस्परविरोधी रंग, मिसळले की राखाडीच होणार. तैलरंगाचा खालचा थर काही दिवस वाळू द्या (ॲक्रिलिकला अर्धा तास पुरे), मग जवळपास कोरड्या ब्रशने तुटक फटकारे मारा आणि मधूनमधून खालचा नारिंगी दिसू द्या. एकदा मारलेला फटकारा पुन्हा घोटू नका.

प्रकाश बदलला तर तेच चित्र दुरुस्त करत बसू नका, दुसरा कॅनव्हास घ्या. मोनेही तेच करायचा.