खोक्यातल्या दगडी कुऱ्हाडी

प्रश्न : ताई, मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात बेंडिगोच्या वायव्येला एका लहान गावात राहते. इथल्या इतिहास मंडळाच्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करते. कपाटात दगडी कुऱ्हाडींच्या पात्यांचं एक खोकं सापडलं. नांगरताना मिळालेली ही पाती एका जुन्या शेतकरी कुटुंबानं दिली होती. गावाच्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात समितीला ‘अ‍ॅबोरिजिनल कोपरा’, म्हणजे इथल्या मूळनिवासींचा कोपरा, करायचा आहे आणि पाट्या मी लिहाव्यात असा आग्रह आहे. मान राखून कसं लिहू?

उत्तर : पाट्या लिहायला घेऊच नका. आधी ज्यांच्या वस्तू आहेत त्यांच्याकडे जा.

तुमचं गाव जा जा वुरुंग या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर आहे. त्यांची अधिकृत संस्था बेंडिगोतच आहे, म्हणजे तुम्हाला लांब जायचंही नाही. पण प्रदर्शनाचा आराखडा ठरवून मग ‘मंजुरी’साठी जाऊ नका. खोकं आहे, त्यात काय दिसतं, नोंदवहीत काय लिहिलंय, एवढंच सांगा आणि ‘यांचं काय व्हावं?’ असं विचारा. उत्तर ‘मांडू नका’ किंवा ‘आम्हाला परत द्या’ असंही येईल. ते ऐकायची समितीची तयारी आहे का, हे बैठकीत आधी स्पष्ट करून घ्या. तयारी नसेल तर विचारायला जाणं हा अपमान आहे.

मी हे एवढ्या ठामपणे सांगते, कारण तुमच्याच भागात घडलेली एक गोष्ट आहे. १८५०च्या दशकात जॉन हंटर केर या वसाहतवाल्यानं बूर्टजवळ झाडाच्या सालीवरची कोरीव चित्रं जमवली. ती लंडनला गेली. २००४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाकडून ती मेलबर्नच्या संग्रहालयात उसनी आली. पूर्वजांच्या हातचं काम आपल्या भूमीजवळ आलंय, ते पुन्हा जाऊ नये, म्हणून जा जा वुरुंग लोकांनी १९८४च्या वारसा कायद्याखाली तातडीचे आदेश मिळवले. संग्रहालय कोर्टात गेलं, २००५ मध्ये जिंकलं आणि चित्रं लंडनला परतली. २०१३ मध्ये तर परदेशातून उसन्या आणलेल्या वस्तूंना अशा दाव्यांपासून वाचवणारा केंद्रीय कायदाच झाला. मला आजही या निकालाचा राग येतो. त्याच संग्रहालयाच्या बुंजिलाका विभागात २०१३ मध्येच उघडलेलं ‘फर्स्ट पीपल्स’ प्रदर्शन मात्र ‘युलेंज’ या गटानं, म्हणजे समाजातल्या ज्येष्ठांनी आणि जाणत्यांनी, क्युरेटरांबरोबर बसून घडवलं. तिथली माणसं स्वतःबद्दल स्वतः बोलतात.

आता कुऱ्हाडींबद्दल. ‘अश्मयुगीन हत्यारे’ असली पाटी तुम्ही खोडून टाका, कुणी आधीच लिहिली असेल तरी. ही एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत आलेल्या, नियमांनी बांधलेल्या व्यवहाराची गोष्ट आहे. लान्सफील्डजवळ माउंट विल्यम इथे हिरवट दगडाची मोठी खाण आहे. ती वुरुंजेरी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांची. दगड कुणी काढायचा याचे नियम होते, हक्कदार ठरलेले होते. बिलीबेलेरी हे त्यांतले एक, ते १८४६ मध्ये वारले. पॉसम या झाडावर राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांची पांघरुणं देऊन तो दगड शेकडो किलोमीटर दूर जाई. २०१२ मध्ये ही खाण वुरुंजेरींच्या ताब्यात परत आली. तुमची पाती तिथल्याच दगडाची असतील किंवा नसतीलही. ते जाणकार सांगतील.

खोक्यात हाड किंवा दात दिसला तर हात लावू नका, फोटो काढू नका. मानवी अवशेष असतील तर ते व्हिक्टोरियन अ‍ॅबोरिजिनल हेरिटेज काउन्सिलला कळवावेच लागतात, २००६चा राज्य कायदाच तसा आहे. जुने फोटो असले, तर त्यांतल्या मृत व्यक्तींचे चेहरे कुटुंबाला विचारल्याशिवाय लावू नका. आणि जे ज्येष्ठ येतील त्यांच्या वेळेचं मानधन अर्थसंकल्पात धरा. नुसत्या चहा-बिस्किटांवर त्यांचा दिवस घेऊ नका.

तुमच्या हातचंही काम भरपूर आहे. महाराष्ट्रातल्या एका संग्रहालयात मी नोंदवह्या सांभाळायचे. देणगीदाराचं नाव ठळक, वस्तू घडवणाऱ्याचा रकाना कोरा, हे मी पानोपानी पाहिलंय. त्या शेतकरी कुटुंबाला भेटा आणि पाती कुठल्या शिवारात, कोणत्या ओढ्याजवळ, कधी मिळाली ते लिहून घ्या. ती माहिती जा जा वुरुंग संस्थेलाही द्या. आणि दालनातली गोऱ्या वस्तीची गोष्ट तुम्हीच सुधारा. तुमच्याकडेही गावाचा इतिहास १८५१च्या सोन्यापासून सुरू होत असेल, तर त्याआधी इथे कोण राहत होतं आणि मेंढपाळांनी कुरणं घेतली तेव्हा त्यांचं काय झालं, हे समितीनं स्वतःच्या सहीनिशी लिहावं.