ग्रुपवर दोनशे जण, बोलत कुणीच नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सोलापूरची सात-आठ पोरंपोरी मिळून फेब्रुवारीत कोडिंग करणाऱ्यांची एक दिवसाची परिषद घेतोय, सगळे नोकरी-कॉलेज सांभाळून, पैसे कुणालाच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, दोनशे जण आले, पण आमची पोस्टरं सोडली तर नुसतं गुड मॉर्निंग पडतं आणि आता मुली एकेक करून लेफ्ट व्हायला लागल्यात. इन्स्टाला रोज काय टाकायचं तेही सुचत नाही. काय करायचं ओ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी मुलींचं बघा, पोस्टरं नंतर. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर दोनशे जणांना दिसतो, मग रात्री अकराला कुणीतरी अनोळखी ‘हाय’ टाकतो आणि पोरगी गुपचूप बाहेर पडते, कारणही सांगत नाही. सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचंच चॅनल काढा, तिथं फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा, ज्याला यायचंय तो येईल. त्याला दोन अ‍ॅडमिन, त्यातली एक मुलगी, आणि कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं ते वर पिन करा. गुड मॉर्निंगवाल्या काकांना पर्सनलवर सांगा, चारचौघांत नको.

आता काय टाकायचं, तर रोज टाकूच नका. फुकटात राबणारी माणसं रोजचं ओझं फार दिवस ओढत नाहीत, आठवड्याला दोन पोस्ट बास झाल्या. आणि ‘लवकरच येत आहोत’ वाचून कुणी येत नसतं, लोकांचे प्रश्न वेगळेच असतात: हॉल कुठाय, स्टँडवरून रिक्षा मिळते का, स्वतःचा लॅपटॉप लागतो का, मराठी मीडियमच्या पोराला झेपेल का. हे फोनवर विचारतातच, ते एका शीटमध्ये उतरवत जा, एक प्रश्न म्हणजे एक पोस्ट. त्यातली एखादी रील तेलुगूत आणि एखादी कन्नडमध्ये करा, पूर्व भागातली आणि अक्कलकोटकडची पोरं तुमच्यातच असतील की!

वक्त्यांची नावं आपसात ठरवून मोकळे होऊ नका. पायकॉन इंडिया ही पायथन भाषेत कोडिंग करणाऱ्यांची परिषद २००९ पासून स्वयंसेवकच चालवतात, तिथं भाषणांचे प्रस्ताव सगळ्यांकडून मागवतात. तुम्हीही मागवा, आलेले विषय ग्रुपवर टाका, कुठलं ऐकायचंय ते विचारा, मग बघा कोण कोण तोंड उघडतं ते. यंत्रमागाच्या हिशोबाचं अ‍ॅप केलेला एखादा पोरगा सापडला तर पुण्याच्या मोठ्या नावापेक्षा मी त्याला आधी उभं करेन. मुंबईचा वक्ता वंदे भारतने आला तर रात्रीच उतरणार, तेव्हा इन्स्टासाठी त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ आधीच मागून घ्या.

संक्रांतीच्या आठवड्यात नोंदणी उघडू नका, अख्खं गाव सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर असतं.

आणि इन्स्टाचा पासवर्ड दोघांकडे ठेवा, एकाला पुण्यात नोकरी लागली की अकाउंटही हुतात्मा एक्सप्रेसने निघून जातं.