पुण्याला वाहतुकीचा अवॉर्ड कसा मिळाला, आणि नाशिकला मिळेल का?

तुम्ही विचारलंय की पुण्याला 2020 चा सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट अवॉर्ड खरंच मिळाला होता का, तो कशावर देतात, त्याचा उपयोग काय, आणि तुमच्या नाशिकला मिळू शकतो का.

मिळाला होता. जून 2019 मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझाला परिषद होती, तिथे जाहीर झाला. बातमी आली तेव्हा माझा थोरला चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, गल्ल्यावर बसून ती मोठ्याने वाचत होता आणि दर ओळीला थांबून "हे कुठलं पुणं रे?" म्हणून मला विचारत होता. दुकानातली दोन्ही पोरं खिदळत होती. मलाही हसू आलं, पण राग जास्त आला, कारण तो हसत होता त्या सगळ्याला आडवं जाणाऱ्यांत तो स्वतः पहिला.

कशावर देतात ते आधी सांगतो. आयटीडीपी नावाची, शहरांच्या वाहतुकीवर काम करणारी संस्था 2005 पासून देते, पहिला बोगोटाला दिला. शहर एकूण किती चांगलं आहे हे त्यात बघत नाहीत, हल्ली हल्ली तुम्ही रस्त्यावर काय उतरवलंत ते बघतात. पुण्याचं तेव्हा जंगली महाराज रोडचा रुंद फूटपाथ, सायकल आराखडा, भाड्याच्या सायकली, पार्किंगचं धोरण, बीआरटी (म्हणजे बससाठी राखून ठेवलेली वेगळी लेन), नव्या इलेक्ट्रिक बस असं सगळं मिळून होतं. त्यातल्या भाड्याच्या सायकलींपैकी पिवळ्यावाल्या तर अवॉर्डच्या वर्षभर आधीच गाशा गुंडाळून गेल्या होत्या. शाळेत पहिला नंबर वेगळा आणि प्रगती दाखवली म्हणून बक्षीस वेगळं, तसं समजा.

आणि बीआरटीचं म्हणाल तर देशातली पहिली आपली, 2006 ला कात्रज-स्वारगेट-हडपसर. अहमदाबादची आली 2009 ला आणि 2010 चा अवॉर्ड घेऊन गेली. त्यांनी मधली लेन बसला दिली, आपणही बसलाच दिली, पण मग तिच्यात आपापल्या गाड्या घातल्या. मीही घातलीय, सातारा रोडला, रोज, दोन वर्षं तरी. नंतर नगर रोडची बीआरटी उखडली तेव्हा लोक म्हणाले योजनाच चुकीची होती. असेल बुवा.

आता मूळ मुद्दा. आमचं लक्ष्मी रोडला मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, ब्लाउजपीस, फॉल, पिको. काकांनी सुरू केलं, आता दादा आणि मी बघतो. दादा कोथरूडहून स्कूटरवर येतो, मी सिंहगड रोडवरून बसने स्वारगेट आणि पुढे चालत. पंधरा वर्षं आमचं एकच भांडण. रस्त्याबद्दल काहीही निघालं, फूटपाथ म्हणा, नो पार्किंग म्हणा, की दादाचं ठरलेलं वाक्य: "गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येईल कशाला?" व्यापाऱ्यांच्या प्रत्येक निवेदनावर पहिली सही त्याची.

2021 मध्ये ठरलं की 11 डिसेंबरला पादचारी दिन, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक लक्ष्मी रोड गाड्यांना बंद. शनिवार, त्यात लग्नसराई. दादा आठवडाभर धुमसत होता. मी काय केलं, सोमवारी एक शंभरपानी वही घेतली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला पीस फाडता फाडता विचारायला लागलो, "ताई, कशाने आलात?" बस, रिक्षा, चालत, दुचाकी, चारचाकी अशी पाच घरं आखली आणि रेघा मारत गेलो. बायकांना वाटलं काहीतरी लकी ड्रॉ आहे. एका काकूंनी तर फोन नंबरपण लिहून दिला.

शुक्रवारी रात्री मोजलं. बस आणि रिक्षाची घरं भरून खाली ओघळली होती (तेव्हा 10 रुपयांत दिवसभर फिरवणारी ती छोटी एसी पुण्यदशम बस नुकतीच सुरू झाली होती, बऱ्याचजणी तिनेच आलेल्या). चारचाकीच्या घरात सगळ्या आठवड्याच्या मिळून नऊ रेघा. दुचाकीवाल्या होत्या बऱ्यापैकी, पण गंमत म्हणजे त्यातल्या एकीचीही गाडी आमच्या दारात नव्हती, सगळ्या कुठेतरी लांब लावून चालत आलेल्या, कारण दारात जागाच नव्हती.

मग दारात कोण होतं? बाहेर जाऊन बघितलं. सात गाड्या. एक दादाची. दोन आमच्या पोरांच्या. तीन शेजारच्या साडीच्या दुकानातल्या सेल्समनच्या. आणि सातवी कोणाची ते आजतागायत कळलेलं नाही, तिचं मागचं चाक बसलेलं आणि सीटवर मांजर.

शनिवारी सकाळी रस्ता रिकामा. आमच्या धंद्यात ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नसतो, चिंतामणी आणि मोरपंखीत ट्यूबखाली भलेभले फसतात, म्हणून बायका साडी आणि पीस घेऊन दारात उजेडात जातात. एरवी पायरीला लागूनच स्कूटरची रांग, त्यामुळे पदर आरशात अडकू नये म्हणून पोटाशी धरून, मान वाकडी करून रंग बघायचा. त्या दिवशी एक आजीबाई नातीच्या लग्नाची आमसुली साडी घेऊन पायरी उतरल्या, आणखी चार पावलं पुढे गेल्या आणि भर लक्ष्मी रोडवर उभं राहून त्यांनी अख्खा पदर पसरला, एक टोक त्यांच्या हातात, दुसरं आमच्या पोराच्या. वरून सात पीस टाकून बघितले. येणारी-जाणारी माणसं थांबून मतं देत होती, "हा नको, हा काळपट मारतोय." चौथा घेतला. मी इतकी वर्षं दुकानात आहे, कोणाला इतक्या आरामात रंग निवडताना मी बघितलं नव्हतं.

दादा त्या दिवशी रिक्षाने आला होता, फुगून. संध्याकाळी गल्ला मोजला तर आदल्या शनिवारपेक्षा जास्त. वही पुढे केली. त्याने ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "लग्नसराई आहे, होणारच." सोमवारी स्कूटर परत पायरीसमोर.

तर तुमचा प्रश्न, अवॉर्डचा उपयोग काय. जिंकलेल्या शहरात पुढची परिषद भरते, बाहेरचे लोक बघायला येतात, पेपरात फोटो येतो. आपलं वर्ष नेमकं 2020 निघालं, त्यामुळे कौतुकाच्या वेळी सगळे घरात कोंडलेले. पण अवॉर्ड भंपक आहे असं मी म्हणणार नाही. 2021 ला जकार्ताला मिळाला, पॅरिसला तर दोनदा, 2008 ला लंडनबरोबर आणि मग 2023 ला. फक्त त्याने आमच्या दादासारख्या माणसाचं मत तसूभर हलत नाही, आणि शहरात दुकानं दादासारख्यांचीच आहेत.

हे पण सांगायला हवं की एका शनिवारावरून काही सिद्ध होत नाही, आणि लग्नसराईचं दादाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सोनाराकडे येणारं गिऱ्हाईक आणि आमचं गिऱ्हाईक यात फरक आहे. गुडघे दुखणाऱ्यांना रिक्षा दारापर्यंत लागते, ती सोय आधी बघा. शिवाय एक दिवस काय, कोणालाही जमतो. 1 नोव्हेंबर 2012 ला पुण्यात बस डे झाला होता, तेव्हाही सगळे बसने फिरले, दुसऱ्या दिवशी परत होतं तेच.

नाशिकचं मला फार माहीत नाही. सिटीलिंक ही शहर बससेवा 2021 पासून चालू आहे, त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ स्मार्ट रोड झालाय, म्हणजे अर्जात दाखवायला सामान आहे. पण अर्जाच्या आधी एक करा. मेनरोडला जा, कुठल्याही दुकानात शिरा, आणि मालकाला विचारा की शेठ, तुमची स्वतःची गाडी कुठे लावता. उत्तर इथे कमेंटमध्ये लिहा, मी दादाला दाखवतो.