डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना ऑनलाइन शिकणं मनापासून आवडतं का? भाऊ म्हणतो, वर्गात बसणं म्हणजे वेळ घालवणं.

तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. 2020 मध्ये महासाथीमुळे हॉस्पिटलचे वॉर्ड आम्हा विद्यार्थ्यांना बंद झाले तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे हा प्रकार मी नाइलाजाने शिकलेय. आता ज्युनियरना वॉर्डात शिकवते, त्यामुळे दुसरी बाजूही बघते.

थिअरीसाठी ऑनलाइन आवडतं, अगदी मनापासून. किडनीच्या नेफ्रॉनमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्यांत, सोडियम कुठे शोषलं जातं हे एका दमात कुणाच्या डोक्यात शिरतं? रेकॉर्डिंग असलं की थांबवता येतं, मागे नेता येतं, रटाळ भाग दुप्पट वेगाने उरकता येतो. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं चॅटमध्ये बिनधास्त प्रश्न टाकायची, हेही मी पाहिलंय. मीही त्यातलीच.

पण वॉर्डाचा विषय निघाला की तीच मुलं सूर बदलतात. आम्ही हृदयाचे आवाज लॅपटॉपवर ऐकले. तिसरा हृदयध्वनी इतक्या खालच्या पट्टीतला असतो की लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला तो धड वाजवताच येत नाही. आम्ही मात्र ‘हो सर, ऐकू आला’ म्हणून मोकळे! पुढे प्रत्यक्ष पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा मला नुसती खरखर ऐकू आली. ती माझ्याच बोटांच्या हालचालीची होती.

पर्कशनचं तर विचारूच नका. छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकायचं, आणि आत हवा आहे की पाणी ते ओळखायचं. छातीवर ठोकून आतलं ओळखायची मूळ कल्पना आउएनब्रुगर या डॉक्टरने 1761 मध्ये मांडली. त्याचे वडील खानावळ चालवत, आणि पिंपावर ठोकून आत दारू किती उरली ते बघण्यावरून त्याला हे सुचलं, असं सांगतात. आवाज कानाला कळतोच, पण पाणी भरलेल्या जागेवरचा ठोका बोटालाही बद्द लागतो. ते बोटाला लागणं कुठल्या व्हिडिओत येणार? उशीवर आणि भिंतीवर ठोकून सराव केलाय मी. घरचे वैतागले होते.

म्हणून विद्यार्थ्यांना सरसकट ‘ऑनलाइन हवं की नको’ विचारलं तर उत्तर गोलमाल मिळतं. पहिल्या वर्षाचा मुलगा हो म्हणेल. शेवटच्या वर्षाचा आधी विचारेल, कशासाठी?

आणखी एक गोम आहे. आवडणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. आणि आपल्या लक्षात राहील अशी खात्री जास्त कुणाला होती? वाचणाऱ्यांना! सुबक ॲनिमेशन बघताना अगदी हेच होतं. सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंडातून शब्द फुटत नाही.

भावाशी लेक्चरवरून वाद घालू नका. व्हिडिओ संपला की लॅपटॉप मिटायला लावा आणि कोऱ्या कागदावर तेच चित्र काढून तुम्हाला समजावायला सांगा. तुम्हाला काही कळलं नाही तरी चालेल, तो कुठे अडखळतो ते त्याचं त्याला कळतं. डिसेक्शन, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदन, मात्र तो बुडवत नाही ना, एवढं विचारा. त्यातही ‘व्हिडिओत बघतो की’ असं उत्तर आलं, तर त्याला माझी ती खरखर सांगा.